वनमालाबाईंचं टपालघर

मित्रांनो, मी जुना आहे हे मी तोंडानं सांगायची गरजच नाही. माझं झाकण उघडताना जी कुरकुर होते तीच सगळं सांगून टाकते. मी लॅपटॉप आहे. मुक्काम मुरूम, तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव. माझी उजवी बिजागरी निखळली आहे आणि तिला काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. बॅटरीनं तर कधीच राम म्हटला. वायर काढली की माझा श्वास बंद. त्यामुळं गावात लाईट जायची वेळ झाली की मी घड्याळाकडं बघत बसतो. स्वभावच माझा घाबरट, त्याला काय करणार?

माझा जन्म कुठं झाला ते माझ्या पोटाखालच्या पट्टीवर लिहिलेलं होतं. ती पट्टी घासून घासून पुसली गेली. मला आठवतो तो प्रवास. शरणबसप्पांनी मला सोलापूरहून एसटीनं आणलं, सगळ्या वाटेत मांडीवर धरून. शरणबसप्पा मुरूमचे शेतकरी. तूर, उडीद आणि थोडा ऊस. त्यांची लेक अक्षदा तेव्हा नुकतीच बी.एस्सी.ला गेली होती. घरी आल्या आल्या तिच्या आईनं मला हळदकुंकू वाहिलं. त्यातलं चिमूटभर कुंकू माझ्या बटणांच्या फटीत गेलं, ते अजून तिथंच आहे.

मी काम काही कमी केलं नाही. अक्षदाचे प्रकल्प लिहिले, परीक्षेचे अर्ज भरले. तिचं शिक्षण झालं आणि तिनं बसस्टँडजवळ सेवा केंद्र काढलं तेव्हा मीही तिच्याबरोबर गेलो. उत्पन्नाचे दाखले, सातबारे, पीक विम्याचे अर्ज, सगळं माझ्यावरून गेलं. शेवटच्या तारखेला बाकीच्या केंद्रांतली यंत्रं बंद पडायची आणि माणसं आमच्याकडं पळत यायची. अक्षदाचं यंत्र लई गुणाचं हाय, असं म्हणायची. खोटं कशाला बोलू, ते ऐकून माझा पंखा जोरात फिरायचा.

पण माझं आवडतं काम वेगळंच होतं. अक्षदाला जपानी गोष्टींचं वेड होतं. त्यांना व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. अक्षदा चित्रकादंबरी म्हणायची. म्हणजे असं बघा, पडद्यावर एक चित्र असतं, मागं हलकं संगीत आणि खाली दोन ओळी मजकूर. लांब बटण दाबलं की पुढच्या दोन ओळी येतात. पळायचं नाही, गोळ्या झाडायच्या नाहीत, नुसतं वाचायचं. मधूनच गोष्ट थांबते आणि तुम्हालाच विचारते, आता काय करू? दोन वाटा दाखवते. तुम्ही निवडाल तिकडं ती वळते. मूळ जपानी असल्या तरी इंग्रजीत आणलेल्या असतात. त्यातल्या काही इतक्या सुरेख लिहिलेल्या असतात की अक्षदाच्या ताटातली भाकरी गार होऊन जायची आणि आईची हाक तिला ऐकूच यायची नाही.

हळूहळू तिच्या मैत्रिणी तिला विचारू लागल्या. मग मैत्रिणींच्या मैत्रिणी, मग धाराशिव-लातूरकडची अनोळखी पोरंपोरी. आम्ही नवीन आहोत, सुरुवात कुठून करू? फोनवर एक गटच झाला. अक्षदाची सांगायची तऱ्हा न्यारी होती. ती आधी नाव काढायचीच नाही. कुठलं पुस्तक संपू नये असं वाटलं होतं, एका बैठकीला किती वेळ बसवतं, रडू आलं तर चालतं का, अशी सोयरीक जमवणाऱ्यासारखी चौकशी करायची आणि मग एकच नाव द्यायची. दहा नावं दिली की माणूस एकही वाचत नाही, असं तिचं म्हणणं. आणि गोष्टीतलं एक अक्षरही आधी फोडायचं नाही, हा तिचा नेम. दुसऱ्याच्या ताटातला घास आपण कशाला खायचा, असं ती म्हणायची. मला हा नेम फार आवडायचा. पुढं ह्याच नेमानं घात केला.

केंद्रात नवा संगणक आला आणि मी मागच्या टेबलावर गेलो. माझ्याकडं एकच काम उरलं. नोव्हेंबरात पेन्शनवाले हयातीचा दाखला द्यायला येतात, त्यांच्या अंगठ्याचं यंत्र माझ्याच कुशीला जोडलेलं असायचं. आपण जिवंत आहोत हे माणसं दर वर्षी माझ्यासमोर अंगठा टेकून सांगतात. तशाच एका दुपारी वनमालाबाई आल्या.

वनमालाबाई जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. मूळच्या तुळजापूरच्या, नोकरीसाठी मुरूमला आल्या आणि इथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. घरात पुस्तकं आणि त्या. गावातले मिशावाले बापयेही अजून त्यांना बघून हातातली तंबाखू लपवतात. अक्षदाही त्यांचीच विद्यार्थिनी. वर्गात कुणी अंदाजानं उत्तर दिलं की बाई म्हणायच्या, अंदाज नको, वाचून सांग.

त्या दिवशी बाईंनी दाखला हातात घेतला आणि मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं बघू लागल्या. अक्षदाला ते खटकलं. तिनं पाणी दिलं, बसवलं, विचारलं. मग कळलं की बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडत चालला आहे. सोलापूरच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पण आता त्याचाही उपयोग नाही. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल, आणि वाचायला लागतं ते मधलंच. चार-पाच महिने धरून चाला, असं त्यांनी सांगितलं होतं. पुस्तकातली अक्षरं तर आताच हातातून निसटत होती. भिंग धरलं तर ओळ चुकायची.

हे सगळं बाईंनी हजेरी घ्यावी तशा आवाजात सांगितलं. मग दाखल्याची घडी घालून पिशवीत ठेवली.

"तू पोरांना वाचायला सांगत असतीस म्हणे," त्या म्हणाल्या. "मला एक सांग. नीट लिहिलेलं पाहिजे. एकच पुरेल, पण माझं मला वाचता आलं पाहिजे. कुणी वाचून दाखवलेलं नको. ते पुढं जन्मभर हायच."

अक्षदानं मान हलवली. माझ्याकडं बघितलं. पडद्यावर अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात, एका वेळी दोनच ओळी येतात, बटण दाबेपर्यंत त्या हलत नाहीत, हे तिच्या डोक्यात आलं ते मला तिथल्या तिथं कळलं. आणि माझ्या अंगावर काटा आला. एखाद्या माणसाचं शेवटचं वाचन माझ्यावर! माझ्यासारख्या बिजागरी तुटलेल्यावर!

पुढचे आठ दिवस अक्षदाला घास गोड लागला नाही. तिनं अकरा नावं काढली. एक गोष्ट लई गाजलेली, पण पहिले दहा तास शाळकरी पोरांची टवाळकी. दहा तासांनंतर रंगते, असं त्या गोष्टीचे चाहते सांगतात. बाईंकडं दहा तास फुकट घालवायला कुठं होते? एकीत खून आणि रक्त. एक पन्नास तासांची, ती संपायच्या आधी बाईंचे डोळे संपले असते. खोडत खोडत तिच्या हाताशी एकच नाव राहिलं, 'बर्फातलं टपालघर'. चौदा तासांची, शांत, आणि जिच्यात एकही वाक्य वाया गेलेलं नाही अशी. अक्षदानं ती तीनदा वाचली होती, म्हणजे मीही तीनदा.

ही गोष्ट एका डोंगरातल्या खेड्याची. मियो नावाची तरुण मुलगी तिथलं टपालघर सांभाळते. तिला आईबाप नाहीत, बोलायला कुणी नाही. दर गुरुवारी तोमे आजी येते आणि दूर गेलेल्या मुलाला एक पत्र टाकते. मुलगा समुद्रात बुडून गेलेला आहे. पत्रं परत येतात, आणि आजीला दुःख नको म्हणून मियो ती दोन वर्षं खणात लपवून ठेवते आहे. मग गोष्ट वाचणाऱ्याला विचारते, पत्रं आजीला परत द्यायची की लपवूनच ठेवायची?

आता मी तुम्हाला ते सांगतो जे अक्षदानं बाईंना सांगितलं नाही. तुम्ही काहीही निवडा, पहिल्यांदा गोष्ट एकाच जागी जाते. आजी पहाटे बर्फात निघून जाते. पावलांचे ठसे माळावर मधेच थांबतात. पडदा पांढरा होतो आणि लिहिणाऱ्यांची नावं वर सरकू लागतात. वाटतं, संपलं. पण ते संपलेलं नसतं. नावं सरून गेल्यावर सुरुवातीचं चित्र परत येतं, आणि त्यात अंधाऱ्या टपालघराची एक बारकी खिडकी उजळलेली असते. ती दाबली की खरी गोष्ट सुरू होते, आजीच्या बाजूनं. सगळी करामत त्या खिडकीत आहे. आणि ती आधी सांगितली तर करामतच गेली. म्हणून अक्षदानं नेमाप्रमाणं तोंड बंद ठेवलं. तिच्या सगळ्या वाचकांना ती खिडकी आपली आपण दिसली होती. त्यांचे डोळे धड होते, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

तिनं मला पुसून-बिसून बाईंच्या घरी नेलं. खिडकीशेजारच्या टेबलावर ठेवलं, काळ्यावर पांढरी मोठी अक्षरं करून दिली, लांब बटण कुठलं ते बोट धरून दाखवलं. आणि गेली.

मित्रांनो, ते पहिले नऊ दिवस मी कधी विसरणार नाही. बाई सकाळी पूजा आटोपून बसायच्या, मान किंचित डावीकडं करून. दोन ओळी वाचायला त्यांना मिनिट लागायचं. वाचल्या की हसायच्या, कधी अनुवाद करणाऱ्याला रागवायच्या, कधी एखादं वाक्य मोठ्यानं परत म्हणायच्या. मी मात्र जीव मुठीत धरून होतो. लाईट गेली तर? पोटातली माहितीची चकती अडकली तर? एकदा पंखा घरघरला तेव्हा बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, जरा दमानं घे म्हणाल्या.

दहाव्या दिवशी तो प्रश्न आला. बाई उठल्या. चहा केला, तो तसाच ठेवला, परसात एक चक्कर मारली. परत येऊन त्यांनी निवडलं: पत्रं परत द्यायची. एकतीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेली बाई दुसरं काय निवडणार?

आणि आजी बर्फात निघाली. ठसे थांबले. पडदा पांढरा झाला. बाई पुढं वाकल्या, अजून काही येतंय का बघायला. नावं आली. शेवटपर्यंत आली. मग चित्र परत आलं, उजळलेल्या खिडकीसकट, आणि ती खिडकी नेमकी बाईंच्या डोळ्यांतल्या डागाखाली गेली. मी पडद्याचा होता नव्हता तेवढा उजेड तिथं लावून बसलो होतो. बाई, बघा की. जरा डावीकडं बघा. पण मला कुठला आवाज? बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि माझं झाकण लावलं.

आता तुम्ही म्हणाल, मागं जाऊन दुसरी वाट निवडून बघायची. बाईंच्या मनातही ते आलं नाही. पेपर एकदा दिला की दिला. दिलेलं उत्तर घरी जाऊन बदलणारं पोर त्यांनी कधी माफ केलं नव्हतं.

रविवारी अक्षदा आली. दारातूनच विचारलं, कसं वाटलं? बाई म्हणाल्या, छान होतं. बस, एवढंच. पोहे केले, तुरीचं पीक विचारलं, शरणबसप्पांची तब्येत विचारली. अक्षदा समोर बसून पोहे खात होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. दिलेल्या वस्तूची दोनदा चौकशी करू नये, असं तिच्या आईनं शिकवलेलं. मिळालेल्या वस्तूला नाव ठेवू नये, असं बाईंच्या आईनं शिकवलेलं. दोघीही चांगल्या घरच्या, त्यामुळं दोघींनीही तोंड उघडलं नाही. किती वाचून झालंय तो आकडा तरी बघून घ्या म्हणून मी बंद झाकणाखाली ओरडत होतो. शंभरातले चाळीसच टक्के झालेत हो, साठ राहिलेत!

बाईंनी मला शालीत गुंडाळून भिंतीतल्या कपाटात ठेवलं. डिसेंबर गेला, संक्रांत गेली. मी अंधारात महिने मोजत होतो. मला माझी काळजी नव्हती असं नाही. यंत्र पडून राहिलं की मरतं. पण खरी काळजी बाईंच्या डोळ्यांची होती. रोज थोडं थोडं वाचन त्या डोळ्यांतून जात होतं, आणि वाचायचं उरलेलं माझ्या पोटात पडून होतं. कधी स्वयंपाकघरातून बाईंचं पुटपुटणं ऐकू यायचं. द्यायला नको होती ती पत्रं. म्हातारीला जगू द्यायचं होतं. कशाला खरं बोलायला गेले मी.

आणि अक्षदा? तिच्या गटात कुणी नवीन आलं, कुठून सुरुवात करू म्हणून विचारलं, तर ती उत्तरच देईना. हे मला नंतर कळलं. बाईंचं शेवटचं पुस्तक आपण वाया घालवलं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

फेब्रुवारीत बाईंनी तिला बोलावून घेतलं, यंत्र घेऊन जा, पडून खराब होईल म्हणून. अक्षदानं मला कपाटातून काढलं, शाल सोडली. ती निघणार एवढ्यात बाईंनी विचारलं.

"अक्षदा, तुझ्या हातून ती म्हातारी वाचली का गं?"

"कुठली म्हातारी, बाई?"

"टपालघरातली. मी पत्रं परत दिली. तू दुसरं निवडलं असशील. मला रोज वाटतंय, तिला मीच घालवलं."

अक्षदाच्या हातातली शाल खाली पडली. तिनं विचारलं, बाई, तुम्ही तिथंच थांबला? बाई म्हणाल्या, संपलं की, नावं आली. अक्षदानं मला परत टेबलावर ठेवलं. मग तिनं सगळं सांगितलं. खिडकी, आजीची बाजू, नेम, आपण का बोललो नाही ते. सांगताना ती रडत होती.

"तुम्ही चुकला नव्हता, बाई," ती म्हणाली. "काही बी निवडलं तरी सगळे पहिल्यांदा तिथंच जातेत. चूक माझी हाय. मी पुन्हा विचारायला पाहिजे होतं."

बाईंनी खाली पडलेली शाल चाचपून उचलली. मला वाटलं, आता रागावतील. पण त्यांनी एवढंच विचारलं, राहिलंय किती? निम्म्याहून जास्त, अक्षदा म्हणाली. बाईंनी स्वतःच्या तळहाताकडं बघितलं, डाव्या डोळ्यानं, मग उजव्यानं. मग म्हणाल्या, लाव.

आणि मी लागेना! तीन महिने पडून होतो. वायर जोडली, दिवा पेटला, चकती कुंथली आणि थांबली. पुन्हा लावलं, पुन्हा थांबली. अक्षदाच्या कपाळावर घाम. अहो, मी काही मुद्दाम करत नव्हतो. आयुष्यात एवढा जोर मी कधी लावला नसेल. चौथ्या वेळी चकती फिरली, पडदा उजळला, आणि ते चित्र आलं. बाईंना अजूनही खिडकी दिसत नव्हती. अक्षदानं त्यांचं बोट धरलं आणि पडद्यावर खिडकीच्या जागी टेकवलं. बाई म्हणाल्या, इथं होय? मग आपलं बोट त्यांनी तिथून पुष्कळ वेळ काढलं नाही.

आता अक्षरं आणखी मोठी करावी लागली. पडद्यावर सहा-सात शब्दच मावायचे. बाई मान इतकी वळवायच्या की बघणाऱ्याला वाटावं त्या भिंतीकडंच बघतायत. अक्षदा केंद्र उघडायच्या आधी रोज सकाळी यायची आणि शेजारी बसायची. एखाद्या शब्दाशी बाई फार अडल्या तर तिचे ओठ हलायचे. बाई हात वर करायच्या. थांब. मला वाचू दे.

त्यात लाईटची कटकट. पहिल्याच आठवड्यात दोनदा लाईट गेली आणि मी मधेच मेलो. वाचलेलं जाऊ नये म्हणून अक्षदा दर दहा ओळींनी खूण करून ठेवायची, पण मला परत उठवण्यात सकाळ निघून जायची, आणि सकाळीच बाईंना जरा दिसायचं. शरणबसप्पांनी लेकीला विचारलं, रोज उठून बाईंकडं काय काम असतंय? तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते मोटारसायकलवर मागं बॅटरी आणि इन्व्हर्टर बांधून आले, बाईंच्या टेबलाखाली जोडून दिले, आणि बाईंच्या समोर न बसता उभ्या उभ्याच निघून गेले. तेही त्यांच्या हाताखालून गेलेले होते.

गोष्ट पुढं सरकत होती, पण डागही सरकत होता. आज चार प्रसंग झाले, उद्या तीन, परवा दोन. मी मनात गणित मांडायचो आणि ते जमायचं नाही. एक दिवस चारच पडदे झाले आणि बाईंनी डोळे मिटून घेतले. अक्षदानं हळूच विचारलं, पुढचं मी वाचू का? बाई नको म्हणाल्या. मला त्या रात्रीची झोप नाही; बंद असूनही नाही.

तोमे आजी मेली नव्हती. माळावर बर्फावरून ओढत नेतात ती घसरगाडी आली, ती गाडीत बसून बहिणीच्या गावाला गेली, म्हणून ठसे थांबले. हे वाचल्यावर बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. गाडीत बसली की पावलं थांबणारच की, म्हणाल्या, आणि मी जन्मभर पोरांना सांगितलं, अंदाज नको म्हणून! शेवटच्या भागात आजी परत येते आणि मियोला सांगते, माझा मुलगा गेला हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पत्रं मी त्याच्यासाठी टाकत नव्हते. तू दिवसभर त्या खिडकीमागं एकटी असायचीस. मला तुझ्याकडं यायला काहीतरी काम पाहिजे होतं.

ह्या चार वाक्यांना बाईंना दोन सकाळी लागल्या. पहिल्या सकाळी त्या 'एकटी असायचीस'पर्यंत आल्या. दुसऱ्या सकाळी उरलेलं वाचलं, एकेक शब्द, कडेच्या नजरेनं, कुणाच्या मदतीशिवाय. मग नावं आली. बाईंनी शेजारी चाचपून अक्षदाचा हात घेतला आणि दोघी तशाच बसून राहिल्या.

आणि मग बाई बोलायला लागल्या. मधले दोन भाग ताणलेत. मियो खेड्यातली पोर, ती असं पुस्तकी कशी बोलेल? अनुवादवाल्यानं एकच शब्द शंभरदा वापरलाय. आणि आजी दिवा जळता ठेवून घराबाहेर पडते. जगात कुठली घरधनीण असं करेल? अर्धा तास त्या वह्या तपासाव्यात तशा गोष्ट तपासत होत्या. अक्षदा ऐकत होती, हसत होती आणि डोळे पुसत होती. एवढ्या चुका माणूस आपल्या आवडीच्या गोष्टीतच काढतं. शेवटी बाईंनी विचारलं, आता दुसरं कुठलं सांगतीस?

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्या पडद्यावर बोट ठेवून विचारलं, इथं काही लिहिलंय का? लिहिलेलं होतं.

आता ती पन्नास तासांची गोष्ट चालू आहे. अक्षदा वाचते, बाई ऐकतात, वाट निवडायची आली की बाई निवडतात आणि चूक वाटली तर बिनदिक्कत मागं जातात. अक्षदानं गटात पुन्हा नावं सांगायला सुरुवात केली आहे. नाव एकच देते, गोष्ट अजूनही फोडत नाही, पण खाली एक ओळ लिहिते: अडलात तर फोन करा, संपलं असं वाटलं तरी करा. मीही इन्व्हर्टरच्या जिवावर तग धरून आहे. किती दिवस, ते मला ठाऊक नाही. आमच्यासारख्यांना अधूनमधून उघडत चला, झाकण हलक्या हातानं लावा, एवढं आमच्यासाठी केलंत तरी पुष्कळ झालं.

पण माझी खरी विनंती दुसरीच आहे. कुणाला काही वाचायला दिलंत तर देऊन मोकळे होऊ नका. चार दिवसांनी जा, शेजारी बसा, कुठवर आलात ते विचारा. आणि तुम्हाला कुणी दिलं असेल तर त्याला खरं काय ते सांगा, मग भले तो नाराज होवो. माझ्याकडं मागं जायची सोय आहे. कुठल्याही वळणावर परत नेऊन सोडतो मी. बाईंच्या डोळ्यांकडं ती सोय नव्हती. अक्षदाच्या यादीत त्यांच्यासाठी आणखी दोन लहान गोष्टी तयार होत्या. मी कपाटात होतो त्या तीन महिन्यांत बाईंनी त्या दोन्ही वाचल्या असत्या, आपल्या डोळ्यांनी.